मोघम नको, मोजकं बोला: बैठकीत आणि सभेत सावधपणे बोलायची रीत

नाशिक जिल्ह्यात ज्या कामांवर घरं चालतात त्यातली बरीचशी अनिश्चिततेवर उभी आहेत. द्राक्षाला एका रात्रीचा अवकाळी पाऊस पुरतो. कांद्याचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेने पालटतो. अंबड-सातपूरच्या कारखान्याचं वेळापत्रक चाकणच्या गिऱ्हाइकाच्या एका फोनवर हलतं. पालखेडच्या कालव्याला पाणी कधी सुटणार हे सरपंचाच्या हातात नसतं, तरी गाव विचारतं सरपंचालाच. अशा ठिकाणी चारचौघांत बोलणाऱ्याला रोज कुठे ना कुठे "नक्की सांगता येत नाही" असं सांगावं लागतं.

ते सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक वेळ मारून नेणारी: "बघू", "होऊन जाईल", "सकारात्मक आहोत". दुसरीत बोलणारा आपली खात्री कुठपर्यंत आहे आणि कुठे संपते ते ऐकणाऱ्याला दाखवतो. दोन्ही वरवर सारख्याच सावध वाटतात. पण पहिलीतून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि दुसरी ऐकून तो आपलं पुढचं काम ठरवू शकतो: मजूर सांगायचे की नाही, गाडी बोलवायची की नाही, पेरायचं की थांबायचं. खाली आहे ती दुसरीची रीत. नगरसेवक, सरपंच, शेतकरी कंपनीचे संचालक, लघुउद्योजक, ज्यांना तोंडी उत्तरं द्यावी लागतात त्या सगळ्यांसाठी.

पायरी पहिली: हे मला कसं कळलं?

बैठकीला जाण्याआधी आपण बोलणार आहोत त्या मुद्द्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: हे मी डोळ्यांनी पाहिलं, कागद हातात आहे, कुणी सांगितलं, माझा अंदाज आहे, की नुसती इच्छा आहे? पाच मिनिटांचं काम आहे. पण इच्छा आणि अंदाज किती वेळा कागदाच्या थाटात बोलले जातात ते यातून दिसतं.

कांद्याचंच उदाहरण घ्या. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यात बंद केली. आदेशात मुदत होती ३१ मार्च २०२४ पर्यंत. पुढचे तीन महिने लासलगाव-पिंपळगाव भागात "३१ मार्चला बंदी उठणार" हे वाक्य ठाम सुरात फिरत राहिलं. प्रत्यक्षात मार्च संपायच्या आधीच बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.

"आदेशात ३१ मार्च ही तारीख आहे" हे कागदावरचं वाक्य होतं. "३१ मार्चला बंदी उठेल" हा अंदाज होता. दोन्ही बोलायला हरकत नव्हती, फक्त वेगवेगळी बोलायला हवी होती: "आदेशात मुदत ३१ मार्चची आहे. पण समोर निवडणूक आहे, मुदत वाढूही शकते. ज्यांना माल ठेवणं झेपतं त्यांनीच ठेवावा." असं बोलणारा पुढे खोटा पडत नाही, आणि त्याच्या भरवशावर कांदाचाळीत माल ठेवणारा निदान डोळे उघडे ठेवून ठेवतो.

पायरी दुसरी: खात्रीची पातळी क्रियापदातून दाखवा

मराठीत यासाठी सुरेख सोय आहे आणि आपण ती घरी बिनचूक वापरतो. सभेत उभं राहिलं की मात्र सगळं "आहे" आणि "होणार" मध्ये कोंबतो. माल गिऱ्हाइकाकडे पोचला का, या एका प्रश्नाची उत्तरं पाहा.

"पोचलाय." मला माहीत आहे, पावती आली.
"पोचला असणार." गाडी सकाळी सहाला सुटली, आता दोन वाजलेत. तर्क पक्का, पण पावती नाही.
"पोचला असावा." खुणा तशा आहेत, तरी मी पैज लावणार नाही.
"पोचला असेल." अंदाज.
"पोचलाही असेल, सांगता येत नाही." माझ्याकडे काहीच माहिती नाही.

यातलं नेमकं कोणतं खरं आहे ते ठरवून तेच बोला. "असेल" जरा जपून वापरा. त्याच शब्दात बेफिकिरीही ऐकू येते, आणि तणावाच्या बैठकीत ती हमखास ऐकू येतेच.

जोखीम मोठी असेल तिथे क्रियापदावर भागत नाही, आकडा द्यावा लागतो. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" आहे असं एकमताने लिहिलं. त्या गटातल्या शेर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारलं, गंभीर म्हणजे तुमच्या मनात किती? उत्तरं साधारण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एकाच वाक्याखाली सह्या करणाऱ्यांची ही गत, तर मंगल कार्यालयात बसलेल्या दोनशे जणांची काय असेल?

हवामान खात्याने आपल्या शब्दांना माप दिलं आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, आणि त्याहून जास्त असेल तर जवळपास सगळीकडे. द्राक्षाचे मणी भरायच्या दिवसांत निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराने हा फरक ओळखला तर औषधाचा खर्च आणि धावपळ, दोन्ही वाचू शकतात. आपल्या संस्थेतही असंच माप ठरवून घ्या. संचालक मंडळात एकदाच ठरवा की "बहुतेक" म्हणजे दहापैकी आठ वेळा, "शक्यता आहे" म्हणजे निम्म्याच्या आसपास. मग पुढच्या बैठकीत कुणी "बहुतेक पैसे येतील" म्हणालं की हिशेबनिसाला त्याचा अर्थ कळतो.

पायरी तिसरी: अट, तिचा मालक आणि पुढच्या बातमीची वेळ

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

अंबडमधल्या एका छोट्या मशीन शॉपला गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागातून फोन येतो: "गुरुवारी चारशे जॉब मिळतील ना?" ठरलेलं उत्तर असतं, "हो साहेब, होऊन जाईल." हे उत्तर मला फार घातक वाटतं. त्यात कोण करणार ते नाही, कशावर अडलंय ते नाही, आणि ऐकणारा "हो" तेवढंच लिहून घेतो. खरी स्थिती अशी असते की दीडशे जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेले सुटे भाग, तयार आहेत आणि अडीचशे हीट ट्रीटमेंटला, म्हणजे तापवून कडक करायला, बाहेर दिलेत, तिथे भट्टीचा नंबर लागायचाय. मग असं सांगता येतं:

"साहेब, दीडशे जॉब तयार आहेत, ते गुरुवारी दुपारपर्यंत तुमच्या गेटवर पोचवतो. अडीचशे हीट ट्रीटमेंटला आहेत. ते उद्या संध्याकाळी परत आले तर तेही गुरुवारीच येतील, नाही आले तर शनिवार धरा. उद्या सातपर्यंत मी स्वतः फोन करून काय ते सांगतो."

यात काय काय आहे ते पाहा. जे पक्कं आहे ते पक्क्या क्रियापदात, कर्त्यासह: "पोचवतो". जे कच्चं आहे त्याची अट उघड सांगितली. ती अट कुणाच्या हातात आहे ते कळतं. अट फसली तर पुढचा दिवस कोणता तोही आला. आणि खात्रीची बातमी कधी मिळणार, ती वेळ ठरली. समोरच्याला हे उत्तर पटलं नाही तरी तो त्याची असेंब्ली लाइन त्यावर बेतू शकतो. "होऊन जाईल" वर काय बेतणार?

एक तपशील नीट पाहण्यासारखा आहे. आपण "उद्या पाठवतो" सहज म्हणून जातो. बोलणाऱ्याच्या मनात तो इरादा असतो, ऐकणाऱ्याच्या कानात तो शब्द असतो. इरादाच सांगायचा असेल तर "उद्या पाठवायचा विचार आहे" म्हणा, आणि शब्द द्यायचा असेल तेव्हाच "पाठवतो". सौद्यात तर हा फरक कायद्यापर्यंत जाऊ शकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे कराराच्या अटी पुऱ्या होत असतील तर तोंडी करारही बंधनकारक ठरतो. फोनवर भाव बोलताना "या भावाला माझी तयारी आहे, पण भागीदाराला विचारून आज रात्री पक्कं करतो" एवढं जोडायला पाच सेकंद लागतात.

पायरी चौथी: शंका वाक्याच्या तोंडाशी आणा

हे खास बोलण्यासाठी. लिहिलेलं मागे जाऊन वाचता येतं, बोललेलं निसटतं. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे "पुढच्या महिन्यात रस्त्याचं काम सुरू होण्याची शक्यता आहे" या वाक्यातली सगळी सावधगिरी शेवटच्या दोन शब्दांत. आणि वाक्याच्या शेवटी आपला आवाज पडतो, माइक खरखरतो, कुणीतरी टाळी वाजवतं. मागच्या रांगेत पोचतं ते "पुढच्या महिन्यात रस्त्याचं काम सुरू". दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरणारा तुकडाही नेमका तिथेच कापलेला असतो.

म्हणून "अजून नक्की नाही, पण" हे आधी. "निविदा उघडली नाही तोवर तारीख सांगता येणार नाही. सगळं वेळेत झालं तर पुढच्या महिन्यात काम सुरू होईल." असं बोललं की तुकडा काढणाऱ्यालाही अट आणि तारीख वेगळी करणं अवघड जातं. अट आणि दावा दोन वेगळ्या मुद्द्यांत ठेवू नका. भाषणाच्या सुरुवातीला "मी जे सांगतोय ते सगळं प्राथमिक माहितीवर" असं एकदा म्हणून पुढे अर्धा तास ठाम बोलणं उपयोगाचं नाही. ती सुरुवात कुणाच्या लक्षात राहत नाही.

शंकेचे शब्द एका वाक्यात एकच घाला. "मला असं वाटतं की कदाचित साधारणपणे होऊ शकेल" हे ऐकून वाटतं, याला काहीच ठाऊक नाही.

पायरी पाचवी: लोकांसमोर, पदावरून बोलताना

"प्रस्ताव विचाराधीन आहे", "योग्य वेळी निर्णय घेण्यात येईल" ही वाक्यं सुरक्षित आहेत असा समज आहे. संसदेतला व्यवहार तो समज मोडतो. लोकसभेची सरकारी आश्वासनांसंबंधीची समिती १९५३ पासून काम करते. मंत्र्याने सभागृहात उच्चारलेली कोणती वाक्यं आश्वासन धरायची याची तिच्याकडे यादीच आहे, आणि त्या यादीत "बाब विचाराधीन आहे" आणि "मी त्यात लक्ष घालीन" हीही आहेत. अशी आश्वासनं तीन महिन्यांत पुरी व्हावीत अशी अपेक्षा असते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत छापील यादी नसते, पण माणसं ती मनात ठेवतात आणि पुढच्या निवडणुकीत वाचून दाखवतात.

"घेण्यात येईल", "करण्यात येईल" ही रचना शक्य तिथे टाळा. कोण घेणार, कोण करणार, हे तिच्यात बुडतं. कर्ता आपण नसू तर तसं स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही.

समजा, येवला तालुक्यातल्या गावात २६ जानेवारीची ग्रामसभा आहे. हरभरा, गहू पाण्यावर आलाय आणि आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीची, सगळे वाट पाहताहेत. मागून एक ज्येष्ठ शेतकरी उठून विचारतात, "सरपंचताई, आवर्तन कधी सुटणार ते एकदा सांगून टाका." टाळ्या घेणारं उत्तर सोपं आहे: "आठ दिवसांत पाणी आणतेच!" त्याऐवजी:

"नाना, तारीख अजून ठरलेली नाही. ती आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात नाही, कालवा सल्लागार समितीत ठरते. आवर्तन पुढच्या आठवड्यात सुटेल असं काल मला पाटबंधारेच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, लेखी काही आलेलं नाही. म्हणून त्यावर विसंबून कुणी खताचे पैसे गुंतवू नका. आज आपण मागणीचा ठराव करू आणि उद्या मी तो घेऊन कार्यालयात जाते. काय झालं ते उद्या रात्रीच ग्रुपवर टाकते, काही नाही झालं तरी टाकते."

शेवटचं वाक्य सोडू नका. अनिश्चित बातमी लोक पचवतात, बातमीच न येणं पचवत नाहीत. आणि आपल्या हातात जे आहे, ठराव आणि उद्याची फेरी, ते सरपंचताईने "प्रयत्न करते" असं मऊ केलं नाही. "प्रयत्न" हा शब्द दुसऱ्याच्या हातातल्या कामासाठी राखून ठेवा.

पाण्याच्या राजकारणात तर ठाम आणि सावध यांची सीमा कायद्यानेच आखली आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर गंगापूर, दारणासारख्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीतून हे येतं. नाशिकचा पुढारी सप्टेंबरात "एक थेंबही सोडू देणार नाही" म्हणतो तेव्हा तो आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी देत असतो. "साठा ६५ टक्क्यांवर गेला तर प्रश्न येणार नाही. नाही गेला, तर आपल्या पिण्याच्या पाण्याचं आरक्षण आधी मांडू" असं बोललं तर मतं जातात, हे मला पटत नाही. शेतकऱ्याला धरणाचे टक्के तोंडपाठ असतात.

पायरी सहावी: मोठ्यांशी मतभेद आणि नकार

इथे सावध भाषेचं दुसरं काम सुरू होतं, मान राखण्याचं. दोन्ही कामं मिसळली की गोंधळ होतो. सूत्र साधं: माणसाशी मऊ, आकड्याशी ठाम. "भाऊ, मला वाटतं कदाचित खर्च थोडा जास्त होईल की काय" यात आदरही नीट नाही आणि माहितीही नाही. "भाऊ, यात वाहतूक धरलीये का? माझ्या हिशेबाने किलोमागे दोन रुपये कमी पडताहेत. एकदा तुम्ही नजर टाका." इथे आवाज नम्र आहे, पण दोन रुपये दोनच राहिले.

"तुमचा अनुभव मोठा आहे, पण" ही सुरुवात सोडून द्या. "पण" ऐकल्याबरोबर आधीचं सगळं पुसलं जातं.

नकार "बघतो" मध्ये गुंडाळू नका. इथल्या इथे त्याचा अर्थ बहुतेकांना कळतो, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला कळत नाही. तो खरंच बघण्याची वाट पाहतो आणि तोवर दुसरा पुरवठादार शोधत नाही. "या हंगामात जमणार नाही, ऑगस्टमध्ये छाटणीआधी पुन्हा बोलू" हे स्पष्ट आहे आणि दारही बंद होत नाही.

जिथे सावध भाषा अजिबात नको

जीवाचा प्रश्न असेल तिथे. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनहून बर्फात उडालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानात सहवैमानिकाला इंजिनाचे आकडे बरोबर वाटत नव्हते. त्याने ते बोलून दाखवलं, कॅप्टनने झटकलं, मग त्याने "कदाचित बरोबर असेलही" म्हणून स्वतःच शंका मागे घेतली. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं, ७८ माणसं गेली. वरिष्ठांपुढे इशारा मऊ करण्याचं हे उदाहरण तेव्हापासून वैमानिकांच्या प्रशिक्षणात चर्चेला येतं.

नाशिकला हे दूरचं नाही. २००३ च्या कुंभमेळ्यात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. २०२७ च्या सिंहस्थासाठी आता बैठकांमागून बैठका होताहेत, आणि त्यात स्वयंसेवक, कंत्राटदार, कनिष्ठ अभियंते बसतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घाटाकडचा उतार धोक्याचा दिसला तर "साहेब, तिथे जरा अडचण होऊ शकेल असं वाटतं" म्हणू नका. "साहेब, हा उतार धोक्याचा आहे. इथे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी गर्दी सोडू नये. माझं म्हणणं इतिवृत्तात घ्या." एवढंच आणि असंच बोला.

तपासणीच्या निकालातही अंदाज चालत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षं युरोपात अडकली होती. म्हणून आयातदाराने विचारलं तर "रिपोर्ट क्लिअर येईल" असं नाही, "नमुना प्रयोगशाळेत आहे, अहवाल हातात आल्याशिवाय कंटेनर भरणार नाही" असं सांगा. आपण देणं लागत असू त्या रकमेबद्दलही सावध भाषा नको, आणि माफी मागताना "जर काही चुकलं असेल तर" नको.

सराव आणि अंदाज बदलल्यावर

एखाद्या बैठकीतलं आपलंच बोलणं, सगळ्यांना सांगून, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. कर्ता नसलेली वाक्यं लिहून काढा. "होईल" असं जिथे जिथे आलंय तिथे कोण करणार, कधी, कशावर अवलंबून, हे भरून पाहा. भरता आलं नाही तर बोलण्याआधी एक फोन करायचा राहिला होता, एवढाच त्याचा अर्थ.

खिशातल्या डायरीत चार गोष्टी टिपा: कुणाला, काय सांगितलं, कोणती अट घातली, पुढची बातमी कधी द्यायची. अट फसल्याचं कळलं की ठरलेल्या वेळेची वाट न पाहता आपणहून फोन करा. क्रम असा ठेवा: आधी काय सांगितलं होतं, काय बदललं, आता काय धरायचं. "साहेब, काल अडीचशे जॉब गुरुवारी येतील, नाहीतर शनिवारी, असं म्हणालो होतो. भट्टी बंद पडलीये. आता शनिवार धरा, आणि दीडशे मात्र ठरल्याप्रमाणे उद्याच निघतात." कारणांची माळ लावू नका. भट्टीवाल्याला समोर करून हात झटकू नका. त्याच्याशी काय बोलायचं ते वेगळं बोला, आणि त्यालाही विचारा: शनिवार नक्की, की शनिवार असावा?